फरशीचं काम दहा दिवसांत शिकवता येत नाही: प्रशिक्षण संस्थेच्या समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
व्यवस्थापन समिती, आमच्या तालुक्याची प्रशिक्षण संस्था.

विषय: फरशीकामाचा सहा महिन्यांचा वर्ग बंद करून दहा दिवसांचा करायचा ठराव मागं घेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मागच्या गुरुवारी ऑफिसबाहेरच्या बोर्डावर नोटीस लागली. मी तेव्हा साइटवर होतो, हात सिमेंटच्या मालानं भरलेले, पोरांनी फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला तो शेजारच्या हेल्परला वाचायला लावला. येत्या सत्रापासून वॉल अँड फ्लोअर टायलिंगचा सहा महिन्यांचा वर्ग बंद, त्याच्या जागी दहा दिवसांचा कोर्स, आणि मागची प्रॅक्टिकलची शेड सामान ठेवायला घेणार. कारणं तीन दिलीत. प्रवेश कमी, मालाचा खर्च जास्त, आणि हे काम साइटवर शिकता येतं. तिसरं कारण मी त्याला परत एकदा वाचायला सांगितलं.

मी तुमच्याकडं तीन बॅच शिकवल्यात, तासावर. नोटीस लागल्यावर तुमच्यातल्या दोघातिघांना घरी जाऊन भेटलो, सगळ्यांनी चहा पाजला, नीट बोलले, पण "आता ठराव झालाय" याच्या पुढं बोलणं गेलं नाही. म्हणून हे उघड लिहितोय, म्हणजे ज्यांची पोरं शिकायची आहेत त्यांनीही वाचावं आणि ज्यांना घरात फरशी बसवून घ्यायचीय त्यांनीही. कुणाचा अपमान करायचा नाही. माझी रोजी जातेय म्हणून ओरडतोय असंही समजू नका, साइटवर मला दिवसाला जे सुटतं ते तुमच्या मानधनापेक्षा जास्तच आहे, वर्गाच्या दिवशी मी कामावर खाडा करून येतो. येतो कारण मी स्वतः "साइटवर शिकलेला" माणूस आहे आणि ते शिकणं कसं असतं हे मला ठाऊक आहे.

२००१ साली, सोळाव्या वर्षी मी पुण्याला गेलो. वाकड-हिंजवडीकडं तेव्हा बिल्डिंगा उठायला लागल्या होत्या, गावचा एक जण तिकडं होता, त्यानं एका लादी मिस्त्रीच्या हाताखाली लावलं. पहिली तीन वर्षं मी माल कालवला, टाइल्सच्या पेट्या जिन्यानं वर नेल्या, बादल्या धुतल्या, जॉइंट पुसले. उस्ताद राजस्थानचे, हात इतका साफ की दोन टाइल्सच्या मधून नख फिरवलं तरी अडायचं नाही, पण थापी कधी माझ्या हातात दिली नाही. तेव्हा राग यायचा. पुढं मी स्वतः ठेका घ्यायला लागलो तेव्हा कळलं की त्यांचा दोष नव्हता. त्यांना स्क्वेअर फुटावर पैसे मिळायचे, मला शिकवण्यात एक तास गेला तर तेवढं काम बुडालं, आणि माझ्या हातून एक टाइल फुटली तर तिचे पैसे त्यांच्या बिलातून कापले जायचे. साइट ही काम उरकायची जागा आहे, तिथं शिकवण्याचा पगार कुणालाच नाही. शिकणारा पोरगा कोपऱ्यातून बघून बघून शिकतो, आणि असं शिकताना हात कसा चालतो ते दिसतं, तो तसा का चालतो ते दिसत नाही.

त्याची किंमत कोण भरतं ते सांगतो. चौथ्या वर्षी उस्ताद गावी गेले होते आणि कॉन्ट्रॅक्टरनं कोथरूडच्या एका जुन्या बिल्डिंगमधलं बाथरूम माझ्यावर सोपवलं. मला वाटलं आपल्याला येतंय. उस्ताद चार फुटाला अर्धा इंच ढाळ देतात हे मी शंभर वेळा पाहिलं होतं, पण तो ढाळ चारी बाजूंनी पाणी जायच्या जाळीकडं आणायचा असतो, एका भिंतीकडून समोरच्या भिंतीकडं सरळ द्यायचा नसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मी सरळ दिला. फरशी दिसायला सुंदर झाली, घरमालकानं शंभर रुपये वर दिले. दोन महिन्यांनी कमोडच्या मागच्या कोपऱ्यात पाणी साचून साचून खालच्या फ्लॅटच्या छताला ओल उतरली. खाली एक आजी एकट्या राहायच्या, त्यांच्या देवघराच्या बरोबर वर तो काळा डाग आला होता. मी गेलो तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसतं वर बोट दाखवलं. सगळं फोडलं, वॉटरप्रूफिंग परत केलं, माझी दोन महिन्यांची मजुरी त्यात गेली. मजुरीचं दुःख गेलं, ते बोट अजून आठवतं.

म्हणून "साइटवर शिकता येतं" हे वाक्य तुमच्या ठरावात बघून मला लागलं. येतं की शिकता. पण लोकांच्या घरावर, लोकांच्या पैशांनी, त्यांना न विचारता.

वर्गात आम्ही काय करतो ते समितीनं कधी शेडमध्ये उभं राहून पाहिलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिला महिना आमच्याकडं टाइल चिकटवतच नाहीत. लेव्हल ट्यूबमध्ये पाणी भरून खोलीच्या चार भिंतींवर एक रेघ मारायची, ती फिरून जिथून निघाली तिथंच आली पाहिजे. ओळंबा सोडायचा. दोरी धरायची. गुण्या लावायचा, तोही लोखंडी नाही, मोजपट्टीनं, एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट, आणि तिरपं माप बरोबर पाच फूट आलं तरच कोपरा काटकोनात. आपल्याकडच्या खोल्यांचे कोपरे सहसा काटकोनात नसतात, आणि पहिली ओळ भिंतीला चिकटून घेतली की दारापर्यंत येताना सगळी फरशी तिरकी दिसते.

मग आखणी. हे कागदावर करायचं काम आहे आणि इथंच दहावी नापास झालेली पोरं हिशोब करायला लागतात. समजा खोली ३ मीटर १५ सेंटिमीटर रुंद आहे आणि टाइल ६० सेंटिमीटरची. एका भिंतीपासून सुरू केलं तर पाच टाइल्स अख्ख्या बसतात आणि शेवटी १५ सेंटिमीटरची बारीक पट्टी उरते, डोळ्यात खुपते, कापताना फुटते. त्याऐवजी मध्ये चारच अख्ख्या घ्यायच्या आणि दोन्ही कडांना साडेसदतीस-साडेसदतीसचे तुकडे. खोली लगेच नीट दिसते. एका टाइलचा फरक, पण तो माल कालवायच्या आधी सुचावा लागतो. साइटवर हे ठरवून झालेलं असतं, हेल्पर येतो तेव्हा पहिली ओळ बसलेली असते, त्याला त्याच्या मागचा विचार कधी दिसतच नाही.

आणि आवाज. हे मला खास सांगायचंय. दुसऱ्या बॅचला एक मुलगी होती, शेजारच्या गावची, वडील गवंडी होते, आता नाहीत. एका दुपारी मी सगळ्यांना भिंतीवरच्या टाइल्स थापीच्या दांड्यानं वाजवत पुढं जायला लावलं होतं. ही पोरगी एका टाइलपाशी थांबली, कान जवळ नेला, परत वाजवली. बाकीच्या टाइल्स ठणठणीत बोलत होत्या, हिच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात बद्द आवाज. मी म्हणलं काढ. माल अजून ओला होता, कडेनं पत्रा घालून अलगद काढली आणि उलटी धरली तर पाठीवर मालाचे पाच गोळे, चार कोपऱ्यांच्या जवळ आणि एक मधे, बाकी टाइल कोरीच्या कोरी. ज्या पोरानं लावली होती तो म्हणला, "सर, साइटवर मामा असंच लावतो." बरोबर आहे, बरेच जण असंच लावतात, लवकर होतं. पण आता बाजारात येणारी दोन फूट बाय चार फुटाची टाइल पंधरा किलोच्या आसपास भरते, आणि ती व्हिट्रिफाइड असते, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, त्यामुळं जुन्या सिरॅमिकला सिमेंटचा घोळ जसा पकडायचा तसा हिला पकडत नाही. तिला ॲडेसिव्हच, म्हणजे टाइल चिकटवायचा गोणीत मिळणारा मसालाच लागतो, दातेरी थापीनं सगळीकडं सारखा ओढलेला, आणि मोठी टाइल असली तर तिच्या पाठीवरही हात फिरवावा लागतो. ॲडेसिव्हचं आयएस १५४७७ म्हणून भारतीय मानक आहे, त्यात प्रकार आहेत, कुठं कुठला वापरायचा ते गोणीवर छापलेलं असतं. गोणी वाचायला किती जणांना शिकवलंय? आणि एप्रिलच्या उन्हात भिंतीवर ओढलेल्या ॲडेसिव्हला थोड्या वेळात वरून साय धरते, बोट लावलं आणि बोटाला माल नाही आला तर तो खरवडून काढायचा, त्यावर टाइल लावायची नाही. पाच गोळ्यांवर बसवलेली टाइल आज पडत नाही, उद्या पडत नाही, दोन-तीन वर्षांनी खाली कुणी आंघोळ करत असताना पडते.

त्या मुलीनं त्या दिवशी अख्खी भिंत वाजवली आणि अजून दोन टाइल्स काढायला लावल्या. आज ती तालुक्याच्या गावात स्वतः काम घेते. तिला तो कान यायला साडेतीन महिने लागले होते. दहा दिवसांत मी तिला टाइल वाजवायची असते एवढं सांगू शकलो असतो, ऐकायला शिकवू शकलो नसतो.

तुमच्यातले एक सदस्य मला म्हणाले की केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेतही पाच-सात दिवसांचंच प्रशिक्षण असतं, मग आपले दहा दिवस काय वाईट. साहेब, ती योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ कामं आहेत त्यात, राजमिस्त्री पण आहे, दिवसाला ५०० रुपये भत्ता आणि १५ हजारांपर्यंत हत्यारांसाठी मदत मिळते, चांगली योजना आहे, मीच दोघांचे फॉर्म भरून दिलेत. पण ती आधीपासून त्या कामात असलेल्या माणसासाठी आहे, ज्याचे हात आधीच चालतात त्याला पाच दिवसांत नवं काहीतरी दाखवायचं. काल ज्यानं पहिल्यांदा थापी पाहिली त्याच्यासाठी ती नाही. दोन्हीला एकच माप लावू नका.

आणि उलट बाजूचं उदाहरण देतो. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, पहिल्यांदा दहा हजार तरुणांचं बोलणं होतं, नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर यांच्या जोडीनं त्या यादीत फरशीचे गवंडीही होते. आमच्या वर्गात ती बातमी मी वाचून दाखवली होती, पोरांचे चेहरे बघायला हवे होते तुम्ही. त्या जर्मनीत फरशी बसवायचं शिक्षण तीन वर्षांचं आहे, काही दिवस शाळेत आणि बाकी कामावर, पगारासह. आणि मध्यंतरी त्यांनी फरशीवाल्याला स्वतःचा धंदा काढायला मास्टर, म्हणजे कारागिरीची वरची परीक्षा पास झालेला, असायची अट काढून टाकली होती, २००४ साली, ती २०२० मध्ये त्यांना परत आणावी लागली. एवढा पुढारलेला देश ढिलाई करून मागं फिरतो आणि आपण सहा महिन्यांवरून दहा दिवसांवर जायचं? वर्ल्डस्किल्स म्हणून जगातल्या तरुण कारागिरांची स्पर्धा होते, २०२४ ला फ्रान्समध्ये लियॉनला झाली, त्यात वॉल अँड फ्लोअर टायलिंग हा स्वतंत्र विषय आहे, वेगवेगळ्या देशांची पोरं मिलिमीटरमध्ये मापं सांभाळून भिंती उभ्या करतात. आपल्या तालुक्यातून कुणी तिथं जाईल न जाईल, पण हे काम जगात कुठल्या पायरीवर धरलं जातं ते समितीला माहीत असावं म्हणून सांगितलं.

आता खर्चाचं. हे कारण मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण ह्याचा हिशोब कुणी मला विचारलाच नाही. आम्ही शिकवताना सिमेंट वापरतच नाही बहुतेक वेळा. चुना आणि वाळूचा माल करतो, तो सिमेंटसारखा पक्का धरत नाही, संध्याकाळी टाइल काढायची, धुवायची, माल चाळून परत दुसऱ्या दिवशी वापरायचा. टाइल्स दुकानदारांकडून येतात, बंद झालेल्या डिझाइनच्या, कोपरा उडालेल्या, एकेका पेटीतल्या चार-पाच उरलेल्या. गुजरातेतल्या मोरबीच्या टाइल्स उतरताना दर गाडीत काही ना काही फुटतंच, दुकानदाराला ते फेकायचं असतं, मी माझ्या टेम्पोतून आणतो. खरा खर्च आहे तो पाण्याच्या कटरचा, आणि तो तीन वर्षांत घेतलेलाच नाही. आजही आम्ही कोरड्या ग्राइंडरवर कापतो, शेडच्या बाहेर, तोंडाला रुमाल बांधून.

त्या रुमालाबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. माझे उस्ताद पंचवीस वर्षं कोरडं कापत होते, ग्रॅनाईट, कोटा, टाइल, सगळं. धुरळा इतका की बंद खोलीत समोरचा माणूस दिसायचा नाही. ह्या सगळ्यात सिलिका असते, बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते ती परत निघत नाही, सिलिकोसिस म्हणतात त्याला, आणि झाल्यावर बरा करायचं औषध नाही. उस्तादांना चाळिशीतच जिना चढवेना. टीबी समजून आधी त्याची औषधं झाली, मग एका डॉक्टरनं काम काय करता विचारलं. ते गावी परत गेले. मी शेवटचा भेटायला गेलो तेव्हा खाटेवर बसून होते, आडवं झालं की दम लागायचा, आणि मला म्हणाले, "पानी डालके काटना बेटा." इतक्या वर्षांत त्यांनी मला तोंडानं सांगितलेली अशी ही एकच गोष्ट. मी सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना तुमच्या संस्थेत कोरडं कापायला लावतोय ह्याची मला लाज वाटते आणि हे मी दोन वेळा लेखी दिलेलं आहे. दहा दिवसांच्या कोर्समध्ये तर मास्कचं नाव एका स्लाइडवर येईल, सवय लागणार नाही. सवय लागायला महिने जातात, मला स्वतःला लागायला आठ वर्षं गेली. गुडघ्याचंही तेच, दिवसभर गुडघ्यावर बसून काम, पॅड बांधायची सवय पहिल्या दिवसापासून लावली तर लागते, नाहीतर पस्तिशीत गुडघ्यात पाणी होतं. माझ्या उजव्या गुडघ्याचं दोन वेळा काढलंय.

प्रवेश कमी आहेत, हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पहिल्या बॅचला १४, दुसरीला ११, तिसरीला ८. पण का कमी? जाहिरात इंग्रजीत, ऑफिसच्या आतल्या बोर्डावर. गावात विचारलं तर लोक म्हणतात "फरशी बसवायला कशाला शाळा". त्यांना कुणी जाऊन सांगितलं का? मी रविवारी दोन गावांत गेलो होतो, माझ्या खर्चानं, तिथनंच तिसऱ्या बॅचचे पाच जण आले. आणि दुसरं म्हणजे ज्या घरातलं पोरगं हे काम शिकायला येतं त्या घरात सहा महिने बिनपगारी बसायची सोय नसते. तिसऱ्या महिन्यात पोरं गळतात ती कंटाळून नाही, घरी पैसे द्यायला लागतात म्हणून, त्यातला एक जण आज नाक्यावर उभा राहतो, मला बघितलं की मान खाली घालतो. त्याच्यावर उपाय दहा दिवसांचा कोर्स नाही. केंद्राची शिकाऊ उमेदवारीची योजना आहे, नॅप्स, मालकानं दिलेल्या विद्यावेतनातला चौथा हिस्सा, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, सरकार भरतं. पहिले तीन महिने शेडमध्ये, पुढचे तीन महिने नोंदणी केलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडं विद्यावेतनावर, आठवड्यातून एक दिवस परत वर्गात. तालुक्यातले दोन कॉन्ट्रॅक्टर तयार आहेत, मी बोललोय. फक्त संस्थेनं कागद करायचे आहेत.

कागदावरून आठवलं. बांधकाम कामगार म्हणून सरकारच्या कामगार कल्याण मंडळात नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आमची पोरं चार वेगवेगळ्या ठेकेदारांकडं तुकड्या-तुकड्यानं काम करतात, लेखी कुणीच देत नाही, आणि पोरं लाभाला मुकतात. उमेदवारी नोंदलेली असेल तर हा प्रश्न निम्मा तरी सुटतो.

राहता राहिलं प्रमाणपत्र. नोटिशीत लिहिलंय की दहा दिवसांच्या कोर्सनंतर "कुशल कारागीर" असं प्रमाणपत्र मिळेल. ह्याला माझा सगळ्यात कडक विरोध आहे. दहा दिवसांतला पहिला दिवस उद्घाटन आणि नाव नोंदणीत जातो, शेवटचा परीक्षा आणि फोटोत, उरले आठ. आठ दिवस टाइल हातात धरलेल्या पोराच्या हातात तुम्ही कुशल लिहिलेला कागद देणार, तो कागद बघून कुणीतरी विधवा बाई आयुष्यभराच्या साठवणीतनं बांधलेल्या घराची फरशी त्याच्याकडं देणार, आणि ती पोकळ निघाली की त्या बाईनं कुणाकडं जायचं? आणि त्या पोरानं? त्याला तर खरंच वाटत असणार की आपल्याला येतं, तुम्हीच लिहून दिलेलं आहे. मी वीस वर्षांचा होतो तेव्हा मला कागद कुणी दिला नव्हता तरी मला तसंच वाटत होतं.

परप्रांतातले कारागीर येऊन कामं नेतात, आपली पोरं मागं राहतात, असं तुमच्यातल्याच एकांनी सभेत म्हटल्याचं ऐकलं. ती माणसं घरापासून दीड-दीड हजार किलोमीटरवर येऊन पत्र्याच्या खोलीत राहून काम करतात आणि चांगलं करतात, मला जे येतं ते त्यांच्यातल्याच एकाच्या हाताकडं बघून आलं. आपल्या पोरांना काम मिळावं असं खरंच वाटत असेल तर त्यांना नीट शिकवा.

माझं मागणं सरळ आहे, ते इथं लिहून ठेवतो.

सहा महिन्यांचा वर्ग चालू ठेवा, आणि निदान पुढचं एक सत्र मी वर लिहिलंय तसं तीन महिने शेड आणि तीन महिने उमेदवारी असं करून बघा. दहा दिवसांचा कोर्स हवाच असेल तर तो पाच वर्षं काम केलेल्या मिस्त्र्यांसाठी ठेवा, मोठ्या टाइल्स, ॲडेसिव्ह, इपॉक्सी ग्राउट (जॉइंट भरायचा पक्का मसाला) शिकायला, त्यांना खरंच गरज आहे, मी तोही शिकवीन.

प्रमाणपत्रावर "कुशल" लिहायच्या आधी हाताची परीक्षा घ्या. एक बाथरूमचा कोपरा, दोन भिंती आणि जाळीसकट जमीन. बाहेरचा मिस्त्री परीक्षक बोलवा, मी नको. पाणी ओतून बघा, गोटी सोडून बघा, एकेक टाइल वाजवून बघा. किती तास शिकला आणि काय काय केलं ते कागदावर लिहा.

पाण्याचा कटर, धुळीचे मास्क, गुडघ्याचे पॅड हे पुढची बॅच सुरू व्हायच्या आधी आले पाहिजेत. ह्यात तडजोड होणार नाही, कोरडं कापायला मी ह्यापुढं एकाही पोराला सांगणार नाही, वर्ग चालू राहिला तरी आणि नाही राहिला तरी.

जाहिरात मराठीत काढा आणि ग्रामपंचायतींच्या बोर्डावर लावा, मुलींना पण घेतो असं त्यात स्पष्ट लिहा. पत्रकं वाटायला मी आणि मागच्या बॅचची पोरं यायला तयार आहोत.

शेड काढून घेऊ नका. सामान ठेवायला पुढच्या इमारतीत जिन्याखालची खोली रिकामी आहे, मी स्वतः मापं घेतलीत, सगळं बसतं.

आणि ठराव कायम करायच्या आधी एकदा शेडमध्ये या. तिसऱ्या बॅचचे आठही जण अजून टिकून आहेत, त्यांची शेवटची भिंत निम्मी झालीय, डाडोच्या, म्हणजे भिंतीच्या खालच्या भागातल्या टाइल्सच्या, वरची ओळ आणि खिडकीच्या कडेचे ४५ अंशातले कट राहिलेत, मग ग्राउटिंग. त्याला अजून अकरा दिवस लागतील. शेडची किल्ली माझ्याकडं आहे, सोमवारी सकाळी आठला उघडतो, संध्याकाळी पाचपर्यंत आम्ही तिथंच असू.

आपला,
एक फरशी मिस्त्री
(तुमच्या तीन बॅचचा शिक्षक)